यंत्रामागची ऊब

माझ्या सुनेचं काम बरोबर होतं. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे माझा धीर सुटला तरी एवढं कागदावर राहील. ते चुकीचं ठरलं ते माझ्यामुळे, आणि ते माझ्यामुळे होतंय हे मला त्या वेळी कळत होतं. हे शेवटचं माझा मुलगा अजून मानत नाही. म्हातारा माणूस, त्याला त्यातलं काय कळतंय, असं तो म्हणतो.

मी रेल्वेत इंजिन चालवायचो. कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटायला जी इंजिनं लावतात त्यांना बँकर म्हणतात. माझी बहुतेक नोकरी त्यांच्यावर गेली. बँकर चालवणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, पुढे अख्खी गाडी असते. तो कानावर चालतो. मोटरींवर हवा मारणारा ब्लोअर कसा वाजतोय, त्याचा सूर चढला का, घोगरा झाला का, हे ऐकत घाट चढायचा. पावसाळ्यात हवेच्या जाळीवर ओला पाला चिकटला की आवाज बदलतो, मोटर तापायला लागते आणि तापलेली मोटर ओढ सोडते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, बायको गेली, एका कानाने कमी ऐकू येतं. पण पंखा दमला की मला अजून कळतं.

सून कान्ह्याची, आमच्या लोणावळ्याहून लोकलने जवळच असलेल्या गावची. माहेर स्टेशनच्या अगदी जवळ. इंजिनिअर झाली आणि पुण्यातल्या एका छोट्या, गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. मुलगा तळेगावला कारखान्यात जायचा आणि ती घरूनच, मधल्या खोलीत बसून काम करायची. त्यांचा गेम होता डोंगरात हरवलेली म्हैस शोधणाऱ्या एका मुलीचा. त्यातलं गवत, धुकं, पाऊस सगळं आमच्या खिडकीतून दिसतं तसंच होतं.

ती मला कामाचं सांगायची, बहुतेक वेळा पोळ्या लाटता लाटता. कंपनीत तिचं एवढं ऐकून घेणारं कुणी नसावं.

"बाबा, ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमधलं वेगळं इंजिनच समजा. गेममधली सगळी चित्रं तेच काढतं. पण गेम त्याच्याशी थेट बोलत नाही. मधे एक सॉफ्टवेअर असतं. त्यालाही ड्रायव्हरच म्हणतात."

"मग कामाला चोख असणार."

"चोख आहे हो, पण अति काळजीवाहू. एक झाड काढ म्हटलं की आधी दहा गोष्टी तपासत बसतो. जागा आहे का, आधीचं काम झालं का. तेवढा वेळ कार्ड नुसतं बसून."

"आणि तू काय करणार? त्याला घरी बसवणार?"

"अर्धा घरी बसवणार," ती हसली. "नवीन पद्धत आहे, व्हल्कन म्हणून. लो-लेव्हल. म्हणजे थेट यंत्राच्या जवळ जाऊन काम करायचं. कामं आधीच रचून ठेवायची, मेमरी आपणच सांभाळायची, कुणी कुणासाठी कधी थांबायचं तेही आपणच सांगायचं. चुकलं तर सावरून घ्यायला मधे कुणी नाही. पण कार्ड एक क्षण रिकामं बसत नाही."

महागड्या कार्डावर कुठलाही गेम कसाही पळतो, असं ती म्हणायची. कान्ह्या-कामशेतच्या पोरांकडे कुणाचं तरी वापरलेलं, जुनं कार्ड असतं, त्यावर पळाला तर खरं. म्हणून तिने स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये हट्टाने तसलंच जुनं कार्ड ठेवलं होतं. कंपनीने तिला घेतलं ते याच कामासाठी. तिची पद्धत सामान्य घरातल्या सामान्य यंत्रावर जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरली तर सगळा गेम तिच्यावर चालवायचा, नाहीतर जुनंच बरं, असं ठरलं होतं. आणि सरस नाही ठरली तर कंपनीला तिचीही गरज उरणार नव्हती. हे मला माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं, अगदी सहज, पीठ मळताना.

त्या पावसाळ्यात माझी थोरली बहीण, आक्का, आंदर मावळातून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आली. लोणावळ्याच्या पावसात कपडे वाळत नाहीत. पॅसेजमध्ये दोऱ्या बांधून, पंखे लावूनही चार-चार दिवस कपडे दमट राहतात आणि घरभर कुबट वास भरतो. आमच्या गावच्या घरात चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली असायची. घोंगडी, कपडे, ओलं सरपण, जे वाळवायचं ते तिच्यावर. आक्काचं सगळं आयुष्य त्या ताटीखाली गेलेलं. ती मधल्या खोलीत बसली होती आणि तिचा हात सहज कॉम्प्युटरच्या मागे गेला.

"आरं, ह्या डब्याच्या मागं तर चुलीवानी धग येतीया!"

"आक्का, यंत्र आहे ते."

"मंग? धग फुकट चाललीया की."

तिने तिचं ओलं पोलकं तिथे लावलंसुद्धा. सून चहा घेऊन आली आणि बघून हसायलाच लागली.

"आत्याबाई, तिथे नका ना ठेवू. त्याला श्वास घ्यायला जागा लागते. मागून अडवलं की गुदमरतं ते."

"गुदमरतंय व्हय? मला काय ठावं. आमची म्हस बी येवढा नखरा करत न्हाई गं."

"ही म्हशीचंच काम करते, आक्का," मी म्हणालो. "हरवलेली म्हैस शोधते आत."

"म्हस हुडकायला कंप्युटर? आन् घावली का?"

"अजून नाही," सून म्हणाली.

त्या दिवशी आम्ही खूप हसलो. आक्का ऑपरेशन करून गावी गेली. पण तिने दाखवलेली जागा माझ्या डोक्यात राहिली.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला हात धजत नाही. त्याच सुमारास माझं लघवीवरचं नियंत्रण जायला लागलं होतं. पहाटे जाग यायची ती ओलाव्याने. इंजिनावर असताना तासन् तास आवरून धरलेला माणूस मी, आणि आता झोपेत लहान मुलासारखं. मी कुणाला बोललो नाही. घरचे उठायच्या आत बाथरूममध्ये पायजमा धुऊन, पिळून टाकायचो आणि गादी उलटी करायचो. पण धुतलेला पायजमा वाळवायचा कुठे? पॅसेजच्या दोरीवर रोज एक पायजमा दिसला तर सुनेला कळणार. कपड्यांचं सगळं तीच बघायची. तिच्यासमोर ते उघडं पडावं, यापेक्षा मेलेलं बरं असं मला वाटायचं. खरंच तसं वाटायचं.

सुनेची एक लांब चाचणी असायची. गेममधली ती मुलगी आपोआप ठरलेल्या वाटेने डोंगर हिंडायची, आधी जुन्या पद्धतीने, मग नव्या, आणि यंत्र सेकंदाला किती चित्रं काढतंय याची रेघ पडद्यावर उमटत जायची. ती चालू असताना यंत्राला हात लावायचा नसे. म्हणून सून जेवण उरकून चाचणी लावायची आणि लोकलने कान्ह्याला आईकडे जायची. तिची आई पडून हाड मोडल्यामुळे अंथरुणावर होती.

दुपारी घरात मी एकटा. मी पायजमा खुर्चीच्या पाठीवर टाकायचो आणि खुर्ची डब्याच्या मागे सरकवायचो, अगदी जाळीला लागेल अशी. ऊब लागायला हवी ना. ती यायच्या आत पायजमा कोरडा होऊन माझ्या कपाटात जायचा, खुर्ची जागेवर.

पहिल्याच दिवशी मी पंखा ऐकला. आधी एका सुरात गुणगुणत होता. थोड्या वेळाने सूर चढला. मग आणखी चढला, शिट्टीसारखा. मग तसाच चढलेला असताना पडद्यावरची रेघ खाली आली. ती रेघ कशाची, हे मला तिनेच शिकवलं होतं. मी पेपर हातात धरून बसलो होतो आणि माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आलं, जाळीवर पाला बसलाय. मी उठलो नाही. पायजमा अजून ओला होता.

यातला घात किती नेमका होता, हे मला पुढे कळलं. जुन्या पद्धतीत कार्ड निम्मा वेळ रिकामं बसायचं, त्यामुळे मागून अडवलं तरी ते फारसं तापायचं नाही. सुनेने त्याला पूर्ण कामाला लावलं होतं. पूर्ण काम करणारं यंत्र पूर्ण तापतं, आणि त्याला पूर्ण हवा लागते. ती हवाच मी बंद केली होती. तापलं की कार्ड जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतं. म्हणजे तिचं काम जितकं चांगलं, तितकं माझ्या पायजम्यामुळे वाईट दिसणार.

ती संध्याकाळी यायची, चप्पल काढायच्या आधी पडद्याकडे बघायची आणि तिचा चेहरा उतरायचा. स्वतः समोर बसून चालवलं की सगळं सुरळीत. बाहेर गेली की रेघ घसरलेली. कार्ड तापतंय एवढं तिला दिसत होतं, का ते दिसत नव्हतं. तिने डबा उघडून धूळ साफ केली, कार्डावरचा, उष्णता वाहून नेणारा लेप बदलला. स्वतःचं लिहिलेलं पुन्हा पुन्हा उलगडलं. कुठे थांबायचं, कुठे नाही, ते सगळं परत मांडलं. जेवणात लक्ष नाही, केस विंचरलेले नाहीत. मुलगा म्हणायचा, "अगं, एक दिवस तरी सोड ना ते." ती त्याच्यावर खेकसायची आणि मग त्याची माफी मागायची.

एकदा तिने मला सरळ विचारलं.

"बाबा, दुपारी कुणी मागे काही ठेवत नाही ना? चुकून काही?"

"छे! कोण ठेवणार? मीच तर असतो."

"हो, तेच," ती म्हणाली. "तुम्ही असता म्हणून तर मी निर्धास्त जाते."

त्यानंतर मी काही दिवस ते बंद केलं. पायजमा गादीखाली दडपून ठेवायचो आणि अर्धओला घालायचो. मांड्यांवर पुरळ उठलं. त्या दिवसांत तिच्या रेघा सरळ आल्या. ती जरा हसायला लागली. रात्रीच्या जेवणाला शिरा केला. माझ्या ताटात तिने जास्तीचा वाढला आणि तो मी खाल्ला.

मग कंपनीने निकालाचा दिवस ठरवला. शेवटची लांब चाचणी लावायची, तिची रेघ पाठवायची आणि तीच ग्राह्य धरायची. निघताना ती दारात थांबली.

"बाबा, आजची शेवटची. देवाला सांगा काहीतरी."

"सांगतो," मी म्हणालो.

पाऊस आठवडाभर थांबला नव्हता. त्या पहाटे, आणि परत सकाळी खुर्चीत डुलकी लागली असताना, दोन्ही वेळा झालं होतं. कोरडं काहीच उरलं नव्हतं. मी कमरेला टॉवेल गुंडाळून बसलो होतो, आणि संध्याकाळी मुलाचे साहेब सपत्नीक चहाला येणार होते. मी देवाला काही सांगितलं नाही. थोडाच वेळ, असं स्वतःला सांगितलं आणि खुर्ची मागे सरकवली. पंखा चढत गेला. मी ऐकत राहिलो. उठून खुर्ची ओढायला किती लागतं? मी उठलो नाही. गाडी घाटात मागे घसरतेय आणि ड्रायव्हर ब्रेककडे बघत बसलाय, तसा मी बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी तिच्या वरिष्ठांचा फोन आला. तिने स्पीकरवर ठेवला होता, कारण हाताने ती काहीतरी टिपत होती. मी दाराशी होतो.

"तुझ्या घरच्या मशीनवर होतंय ना हे?"

"हो, सर. पण नेहमी नाही. मधे चांगले निकाल आले होते."

"मधे येऊन काय उपयोग? लोकांच्या घरीही असंच होणार. त्यांच्याकडे काय एसी असतात? बंद खोली, जुना डबा, तापणारच."

"हो."

"मग राहू दे. जुन्यावरच जाऊ."

"चालेल, सर," ती म्हणाली. अगदी सभ्यपणे म्हणाली.

गेम जुन्या पद्धतीने बाजारात गेला. तिचा करार पुढे वाढवला नाही. आता ती एका हॉटेलात खोल्यांचं बुकिंग बघते. शनिवार-रविवार पर्यटकांची भांडणं ऐकते, कोणाला दरीचा देखावा हवा, कोणाला गरम पाणी. तिचं यंत्र मधल्या खोलीत जुन्या चादरीखाली होतं. आणि मी ते बघत दोन वेळचं जेवत होतो. यात किती पावसाळे गेले ते लिहीत नाही, लाज वाटते.

या वर्षी तिच्या एका जुन्या सहकाऱ्याने तिला पुण्यातल्या दुसऱ्या कंपनीत याच कामासाठी बोलावलं. ती फोनवर त्याला म्हणाली, "नको रे. माझं एकदा चुकलंय. मला ते काम कळलंच नव्हतं बहुतेक." ते 'बहुतेक' मला सहन झालं नाही. रविवार होता, मुलगा घरी होता, तिनेही त्या दिवशी सुट्टी घेतली होती. मी दोघांना बसवलं आणि सांगितलं. पायजम्याचं, खुर्चीचं, सगळं. माझ्या आजाराचंही.

मुलगा आधी हसला, मग त्याला रडू आलं. "बाबा, आम्हाला सांगायचं ना! डॉक्टरकडे गेलो असतो." तिने एवढंच विचारलं, "मी कान्ह्याला जायचे तेव्हा?"

"हो."

ती उठली. चादर काढली, यंत्र चालू केलं, तिच्या पद्धतीची ती चाचणी लावली. बाथरूममधून माझा ओला पायजमा आणला आणि माझ्या हातात दिला.

"ठेवायचात तसाच ठेवा."

मी ठेवला. तो दोनदा घसरून खाली पडला. पंखा चढला, रेघ घसरली. "काढा," ती म्हणाली. रेघ हळूहळू वर आली. "परत ठेवा." परत घसरली. किती वेळा आम्ही ते केलं कोण जाणे. मुलगा म्हणाला, "बास कर आता." तिने ऐकलं नाही. शेवटी ती पडद्यालाच म्हणाली, "माझं बरोबर होतं."

"अगं, बाबांना काय माहीत, त्याने एवढं होईल," मुलगा म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मला सुटायची वाट दाखवली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"माहीत होतं," मी म्हणालो. "पंखा ऐकू येत होता मला."

ती खोलीतून निघून गेली. काही दिवस ती माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलली नाही. ताट वाढलेलं असायचं, औषधं काढून ठेवलेली असायची. पण सगळं सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पाहिलं तर माझा पायजमा पॅसेजच्या दोरीवर होता, मधोमध, त्या दोघांच्या कपड्यांमध्ये. तेव्हापासून रोज तिथेच असतो. त्याचा अर्थ मी तिला विचारलेला नाही.

पुण्याच्या त्या दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला ती गेली. आल्यावर मुलाने विचारलं तेव्हा कळलं. आधीचं काम का गुंडाळलं, असं त्यांनी विचारलं होतं. ती म्हणाली, डब्यामागे कपडा अडकला होता, माझं लक्ष नव्हतं.

"तुझं लक्ष नव्हतं?" मी विचारलं. कित्येक दिवसांनी तिच्याशी बोलत होतो.

"मग काय सांगू, बाबा? लोकांसमोर?"

त्यांचा फोन पुन्हा आला नाही. चाचणी लावून यंत्राकडे न बघणाऱ्या बाईला कोण कामावर घेईल?

म्हणून हे लिहिलं. आधी तिला वाचायला दिलं. ती उभ्या उभ्या वाचत होती, हॉटेलला निघायची घाई होती. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, "हे पायजम्याचं काढा. लोक हसतील तुम्हाला."

"ते काढलं तर परत तुझंच लक्ष नव्हतं होईल," मी म्हणालो.

तिने कागद टेबलावर ठेवले, छत्री घेतली आणि गेली. काढा असं ती दुसऱ्यांदा म्हणाली नाही. मी काढलेलं नाही.